राणीचे अभ्यंगस्नान

आमच्या देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि इंग्लंडची महाराणी व्हिक्टोरिया अशी चार दैवते पिढ्यानपिढ्या एकाच ताम्हनात नांदत आली आहेत. पैकी पहिल्या तिघांचा पूजेचा अधिकार शास्त्रसिद्ध आहे; चौथीचा प्रवेश एका चांदीच्या रुपयाच्या रूपाने कोणत्या पूर्वजाच्या हातून आणि कोणत्या मुहूर्तावर झाला, याचा दाखला मात्र घरच्या दफ्तरात सापडत नाही. लक्ष्मीपूजनास नाणे हवे, ते चांदीचे हवे, आणि चांदीचे नाणे घरात एवढे एकच, या तीन बिनतोड कारणांनी तिचा हक्क कायम झाला आणि पुढे वहिवाटीने तो वतनासारखा चालू राहिला. हयातीत हिंदुस्थानच्या भूमीवर एकदाही पाऊल न ठेवलेली ही बाई आमच्या घरी मात्र दर आश्विन अमावास्येला दूध, दही, तूप, मध आणि साखर यांनी न्हाऊन, हळदकुंकू लावून घेऊन, चौरंगावर विराजमान होते. रुपयावर साल आहे १८६२. तिचे यजमान प्रिन्स अल्बर्ट त्याच्या आदल्याच डिसेंबरात निवर्तले होते. ही वार्ता माझ्या आजीच्या कानावर कोणी घातली नाही हे बरेच झाले. तिचा अंमल घरात चालू असता हळदकुंकवाच्या प्रश्नावर इंग्लंडच्या राणीचीही गय झाली नसती.

या अखंड सेवेचा परिणाम असा झाला आहे, की राणीला आता नाक उरलेले नाही. मुकुटाच्या जागी एक अस्पष्ट उंचवटा आहे, तो पाहून परका माणूस हा अंबाडा समजेल. गळ्यातील अलंकार कधीच सरकारजमा झाले आहेत. आणि एकंदर मुद्रा पाहता आठ दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीवर कोणी अंगठा उमटवला असावा असा भास होतो. साम्राज्य मावळले १९४७ साली, पण राणीचे नाक त्याच्या पुष्कळ आधी उतरले होते, असे माझे वडील सांगत. आणि यात कोणत्याही क्रांतिकारकाचा हात नसून तो सर्वस्वी आमच्या घरातील स्त्रियांचा आहे, हेही ते आवाज खाली आणून सांगत.

कारण आमच्या घरात लखलखीतपणा हा वस्तूचा गुण मानीत नाहीत, तो घरधनिणीच्या चारित्र्याचा पुरावा मानतात. तांब्याच्या घागरीवर डाग दिसला तर तो घागरीवर नसून सुनेवर आहे असे समजण्यात येई, आणि या न्यायाला देवघरातील रुपया तरी अपवाद कसा असणार? दिवाळीच्या आदल्या दिवशी राणी फडताळातून निघे ती श्रावणातल्या ढगासारखी काळी होऊन. मग तिला आधी चिंचेचा कोळ, मग लिंबू-मीठ, मग नारळाच्या काथ्याने रांगोळीची भुकटी, शेवटी रिठ्याचे पाणी, आणि हे सर्व सोपस्कार झाल्यावर आजोबांच्या जुन्या धोतराच्या फाडीने घासून पुसणे, अशा क्रमाने ती पुन्हा शुभ्र होई. घरातील सर्व मंडळी त्या शुभ्रतेकडे कौतुकाने पाहत आणि वर्षभर साचलेला मळ गेल्याचे समाधान मानीत.

हा मळ नव्हे, हा उलगडा आमच्या आळीत राहणाऱ्या, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी केला आणि आमच्या घरचे एक निर्भेळ समाधान कायमचे नष्ट केले. ते म्हणाले, "अहो, मळ बाहेरून येतो. तुमच्या रुपयावरचा काळिमा ही तुमची चांदीच आहे." त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की हिंगात, कांद्यात, लसणात, अंड्यात आणि कोळशाच्या धुरात गंधकाचा अंश असतो, तो हवेत मिसळला, की चांदी त्याला भुलते आणि दोघांच्या संयोगातून काळ्या रंगाचे संतान जन्माला येते. रुपयाच्या पृष्ठभागावरील चांदीचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा अशा रीतीने घर सोडून जातो. आणि आपण काळे घासून काढतो म्हणजे त्या पापुद्र्यालाच मोरीची वाट दाखवतो. खालची कोरी चांदी उघडी पडते, ती पुढल्या दिवाळीपर्यंत पुन्हा काळी होते, आणि पुन्हा मोरीत जाते. चिंच आणि लिंबू बिचारी चांदीला फारसा उपद्रव देत नाहीत. त्यांचा डोळा असतो तो रुपयात बारा भागांत एक भाग मिसळलेल्या तांब्यावर. खरे मारेकरी म्हणजे गंधक आणि रांगोळी: पहिल्याने सैल करावे आणि दुसरीने खरडून न्यावे. हा हिशेब ऐकल्यापासून मी मोरीपाशी उभा राहून तिच्याकडे पुष्कळदा आदराने पाहतो. आमच्या घराण्यात नियमाने आणि न चुकता चांदी साठवली असेल तर ती तिने.

हा रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन भरत होता. तोळा म्हणजेच रुपयाभार, असे ते नाते होते. नाणे हे त्या काळी नुसते पैशाचे चिन्ह नसून वजनी माल होता, आणि म्हणून झिजलेल्या नाण्यावर सराफ बट्टा कापीत असे. नावाला बट्टा लागण्याची भीती बाळगणारी आपली भाषा या सराफाच्या पेढीवरूनच ती भीती घेऊन आली आहे. बंदा रुपया, खणखणीत नाणे, कसोटीस उतरणे, पारख करणे, इतकेच काय पण नाणावलेला विद्वान, हा सगळा शब्दसंभार पैशाच्या खोटेपणाविषयी आपल्या पूर्वजांना किती दांडगा अनुभव होता याची साक्ष देतो. सरकारी खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे पारखून घेण्यासाठी पोतदार नावाचा स्वतंत्र अधिकारी असे. आज त्याच्या वंशजांनी आडनाव तेवढे ठेवले आणि कसोटीचा दगड कुठेतरी हरवला. त्या दगडावर नाण्याची रेघ ओढावी, तीवर शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब टाकावा, आणि वर मिठाचे पाणी सोडून दह्यासारखा पांढरा साका धरतो की नाही हे पाहावे, म्हणजे चांदी आहे की चांदीचे सोंग आहे ते कळे. माणसांच्या बाबतीत इतकी सोपी व्यवस्था नसल्यामुळे सोयरिकीच्या वेळी पत्रिकेवर भागवावे लागते.

सोंगाचा विषय निघाला म्हणून एक जुना गुन्हा येथे कबूल करून टाकतो; मुदत टळून गेली असावी असा माझा अदमास आहे. आम्ही पोरे असताना अंगणात कल्हईवाला येई. खड्डा खणून, भाता लावून, निखारे फुलवून तो नवसागराची चिमूट भांड्यात टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे, तांबे क्षणात निर्मळ होई, आणि कथलाचा एक ओघळ कापसाच्या बोळ्याने फिरवताच पातेले चंद्रासारखे दिसू लागे. हा चमत्कार पाहून माझ्या एका मित्राच्या डोक्यात असा विचार आला, की जे पातेल्याला साधते ते पैशाला का साधू नये? तांबड्या पैशाचा आकार आणि चांदीच्या अधेलीचा आकार यांत फरक जेमतेम. दोहोंवर राजा एकच. कल्हईवाल्याला अर्धे पेरू देण्याचा तहनामा करून आम्ही एका पैशाला कल्हई करून घेतली. निखाऱ्यावर तापून लाल झालेला राजा नवसागराच्या धुरात गडप झाला आणि बाहेर आला तो खरोखरच गोरा होऊन आला. आम्ही थरारलो. आठ आण्यांत किती गोळ्या, किती भोवरे, आणि उरलेल्या मोडीचे काय करायचे, याचे अंदाजपत्रक वाण्याच्या दुकानापर्यंत जाताजाताच मंजूर झाले.

वाण्याने ते नाणे डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मान दुसरीकडे वळवून, दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी गुळाच्या भावाबद्दल बोलत, त्याने ते दगडी फरशीवर टाकले आणि कान दिला. चांदी वाजते ती देवळातल्या लहान घंटेसारखी, आमचा राजा वाजला तो पाटीवर पेन्सिल पडावी तसा. शाळेत पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, पण पृथक्करणाची इतकी जलद रीत मला कोणी शिकवली नाही. वाण्याने आम्हांला काही बोल लावला नाही. त्याने शांतपणे हातोडी मागवली आणि आमच्या राजाच्या मस्तकातून एक खिळा आरपार नेऊन त्याला दुकानाच्या उंबऱ्यावर ठोकून टाकले. तेथे आधीच आठदहा खोटी नाणी हुतात्म्यांसारखी ओळीने पडलेली होती. पुढे कित्येक वर्षे ते दुकान ओलांडताना मी उजवा पाय मुद्दाम लांब टाकीत असे. कथील हळूहळू झिजत गेले आणि गोरा राजा पुन्हा तांबडा झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

याच व्याधीने इंग्लंडचा आठवा हेन्री बदनाम झाला, हे वाचून मला फार धीर आला. त्याने लढायांच्या खर्चासाठी चांदीत मनस्वी तांबे मिसळून नाणी पाडली आणि वरून ती चांदीची दिसतील अशी तजवीज केली. पण नाण्यावर राजाचा चेहरा समोरून कोरलेला, आणि समोरून पाहता माणसाचा सर्वांत पुढारलेला अवयव म्हणजे नाक. लोकांच्या बोटांनी ते आधी झिजले, वरची चांदी गेली, आणि तांबडे नाक बाहेर आले. प्रजेने त्याला म्हातारा तांबडनाक्या अशी पदवी बहाल केली. त्याच देशात पुढे न्यूटनसारखा विद्वान १६९६ साली टांकसाळीचा अधिकारी झाला आणि गुरुत्वाकर्षणावरून काढलेले लक्ष त्याने खोटी नाणी पाडणाऱ्यांवर केंद्रित केले. नाण्याच्या कडेला बारीक खाचा असतात त्या कातरी चालवणाऱ्या चोरांना प्रतिबंध म्हणून. कडा कातरली, की खाचा नाहीशा होऊन चोरी उघड. पण तेजाबाला कडा आणि मध्य यांत भेदभाव नाही. सोन्याचे नाणे अम्लराजात क्षणभर बुडवून काढले, की ते सर्व बाजूंनी सारखेच रोडावते, खाचाही सुरक्षित राहतात, आणि चोराच्या भांड्यात सोने उरते. चोरीत इतकी समदृष्टी मी अन्यत्र पाहिली नाही.

आपल्याकडे १८६० च्या, २०२४ साली रद्द झालेल्या दंडसंहितेने या सर्व कलांची नोंद घेतली होती. कलम २४७ अन्वये सरकारी नाण्याचे वजन घटवणे अथवा त्यातील धातूंचे मिश्रण बदलणे हा सात वर्षांच्या कैदेस पात्र असा अपराध होता. आणि कलम २४९ मध्ये नाण्याचे रूप पालटून ते दुसऱ्या जातीचे म्हणून खपवू पाहणाऱ्याची, म्हणजे हुबेहूब माझी आणि माझ्या मित्राची, तरतूद होती. हे कलम प्रथम वाचले त्या रात्री मला उंबऱ्यावरचा तो खिळा स्वप्नात दिसला. कलम २४७ च्या बाबतीत मला अधिक काळजी वाटली ती घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची; वजन घटवले हे तर ताजव्यावर सिद्ध होण्यासारखे होते. परंतु कायदेमंडळाने दूरदृष्टीने 'कपटाने अथवा अप्रामाणिकपणे' अशी अट घालून ठेवली होती, आणि आमची आजी राणीला घाशी ती कमालीच्या प्रामाणिकपणे, तेव्हा तिच्यावर मुकदमा उभा राहता ना.

माझ्या हातून घडलेला दुसरा अपराध कोणत्याच कलमात बसत नाही, आणि त्याचेच मला अधिक शल्य आहे. आजीच्या बटव्यात एक शिवराई होती. वर इतका गर्द, काळपट हिरवा काट चढलेला, की ती तांब्याची आहे हे विश्वासाने मान्य करावे लागे. तिरप्या उन्हात धरली असता तीवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' यांतील अक्षरे उमटत आणि मावळत. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे नाणे पुढे त्याच नावाने पेशवाईतही पाडले जाई, तेव्हा आमची शिवराई कोणत्या अमदानीतली, हे अक्षरांच्या वळणावरूनच सांगता आले असते. ते वळण स्पष्ट दिसावे या शुद्ध हेतूने मी एका रविवारी तिला चिंचेच्या कोळात ठेवले आणि वर्तमानपत्र वाचीत बसलो. अग्रलेख संपेपर्यंत कोळ हिरवट झाला होता. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा गंज विरघळवून टाकते, ही गोष्ट मला ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते हे, की दोनशे वर्षांच्या मुरलेल्या नाण्यात कित्येकदा अक्षरांचा काठ त्या काटातच तेवढा शिल्लक राहिलेला असतो, आणि काट गेला की अक्षर जाते. वाटीतून मी बाहेर काढली ती नुकत्याच जन्मलेल्या अर्भकासारखी गुलाबी, गुळगुळीत आणि निरक्षर अशी तांब्याची चकती. एका बाजूला 'छ' चा अर्धा आकडा काय तो उरला होता. औरंगजेबाची फौज पंचवीस वर्षे दख्खनेत ठाण मांडून बसली तरी जे नाव तिला पुसता आले नाही, ते मी एका अग्रलेखाच्या अवधीत, पाव वाटी चिंचेत पुसून टाकले.

या प्रसंगानंतर घरातील उरलेली जुनी तांब्याची नाणी सांभाळण्यासाठी मी प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक चकचकीत वही विकत आणली. दोन पावसाळे गेले, वही उघडली, तो प्रत्येक पैशावर हिरवा, चिकट, तेलकट असा एक लेप. मास्तरांनी वही हुंगून पाहिली आणि निर्णय दिला, की या जातीच्या मऊ प्लॅस्टिकमधून कालांतराने मिठाच्या तेजाबाची वाफ सुटते. म्हणजे ज्या आम्लाच्या भीतीने मी चिंचेची बरणीसुद्धा वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती, त्याहून जहाल आम्ल मी रोख रक्कम मोजून, पावती घेऊन, नाण्यांच्या उशापायथ्याशी आणून ठेवले होते. आजीचा बटवा जुन्या सुती कापडाचा होता आणि त्यातील नाण्यांना काही झाले नव्हते, हे मी मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या आजीला नाणी राखायची अक्कल होती, घासायची हौस तेवढी वाईट."

अॅल्युमिनियमच्या पैशांची कहाणी निराळी आणि अधिक करुण आहे. १९६४ नंतर ही पोरकी जात चलनात आली. चिंचेला ती फारशी बधत नाही, पण चुन्यापुढे आणि सोड्यापुढे शरण जाते. आमच्या एका तंबाखूप्रेमी मामांच्या चंचीत चुना सांडून राही, आणि तीतून निघणारे तीन पैशांचे षट्कोनी नाणे नेहमी देवी येऊन गेल्यासारखे दिसे. तरीही या गरिबाच्या अंगी एक विलक्षण परोपकार आहे. उकळत्या पाण्यात सोडा आणि मीठ टाकून त्यात काळवंडलेला चांदीचा रुपया अॅल्युमिनियमला टेकवून ठेवला, तर चांदीच्या अंगचे गंधक सुटते, चांदी जागच्या जागी पुन्हा चांदी होते, आणि झीज सगळी अॅल्युमिनियम आपल्या अंगावर घेते. मास्तरांनी हा प्रयोग राणीवर करून दाखवला. राणी न घासता पांढरी झाली आणि तिच्याखाली ठेवलेला वीस पैशांचा तुकडा निस्तेज होऊन पडला. साम्राज्याचा काळिमा धुण्यासाठी स्वतंत्र भारताचे वीस पैसे खर्ची पडले, अशी नोंद मी त्या दिवशी खर्डेवहीत करून ठेवली आहे.

रोमचा बादशहा व्हेस्पेशियन याने मुतारीवर कर बसवला आणि त्याच्या पुत्राने नाक मुरडले, तेव्हा त्याने करातून आलेले एक नाणे त्याच्या नाकाशी धरून, याला वास येतो का, असे विचारले म्हणतात. रसायनशास्त्रानेही आता बादशहाच्या बाजूनेच निकाल दिला आहे: मुठीत धरलेल्या नाण्याला जो उग्र वास येतो तो धातूचा नसतो, आपल्याच कातडीवरची स्निग्धता धातूच्या संगतीने बिघडते आणि दरवळते. दुर्गंधी हाताची आणि आळ मात्र पैशावर.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी नाण्यांचे एक व्यासंगी अभ्यासक भलत्याच कामासाठी आमच्याकडे आले असता त्यांची दृष्टी देवघराकडे गेली. त्यांनी राणीला तळहातावर घेतले, भिंग लावले, राणीच्या मुखाकडे पाहून एक सुस्कारा टाकला, आणि नाणे उलटे केले मात्र, त्यांचा श्वासच थांबला. १८६२ हे साल, ते म्हणाले, फसवे आहे. तेच साल कायम ठेवून हे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि नेमके वर्ष कोणते ते मागच्या बाजूच्या टाचणीच्या डोक्याहूनही बारीक अशा टिंबांवरून ओळखायचे असते. सगळी किंमत त्या टिंबांत. आमच्या रुपयावर दोन टिंबे त्यांना निश्चित दिसली. तिसऱ्याबद्दल ते साशंक होते, ते नीट पाहण्यासाठी दिवाळीनंतर मोठे भिंग घेऊन येतो म्हणाले, आणि जाताना उंबऱ्यात वळून त्यांनी हात जोडून बजावले, की तोपर्यंत या नाण्याला चिंच, लिंबू, दही किंवा पाणीसुद्धा लागता कामा नये.

हा हुकूम मी घरात जसाच्या तसा पोहोचवला. सौभाग्यवतीने प्रथम, पारोशा लक्ष्मीची पूजा कोणत्या धर्मात बसते, असा मूलभूत मुद्दा उपस्थित केला. त्यावर मी अभ्यासकांचा व्यासंग, शिवराईची शोकांतिका आणि कलम २४७ अशी सर्व सामग्री पुढे मांडली, आणि बऱ्याच वाटाघाटींनंतर तिने नुसते, "बरं, नाही लावत हो तुमच्या राणीला ओलं काही," असे अभिवचन दिले. मी निश्चिंत झालो. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर पाहतो, तो राणी समईच्या उजेडात आरशासारखी झळकत होती. माझा चेहरा पाहून सौभाग्यवती आपण होऊनच म्हणाली, "अहो, असे बघता काय? चिंचेचं बोट लावलं नाही की पाण्याचा थेंब लावला नाही. कोरड्या दंतमंजनानं घासलंय. आणि मागच्या बाजूला ते दोन-तीन बारीक ठिपके वर्षानुवर्षं चिकटून बसले होते ना, सासूबाईंनासुद्धा कधी निघाले नाहीत ते? सांडशीच्या टोकानं खरवडले, तेव्हा कुठे निघाले."